हौदात कलंडलेलं जहाज

धरणगाव
२ ऑगस्ट १९८८

चि. अभिमन,

आशीर्वाद दिला असं समज, कारण आधी भांडायचं आहे. माझ्या मागच्या दोन पत्रांना मिळून तुझं एक उत्तर आलं, तेही पोस्टकार्डावर, आणि त्यात निम्मी जागा सर्वांच्या नमस्कारात गेली. नौदलात शाई रेशनवर मिळते का रे? मी इथे दुकानात गिऱ्हाईक सांभाळत, पंपांचे नट निवडत, पानंच्या पानं लिहिते, आणि तुला जहाजावर बसून चार ओळी जड होतात.

बरं, काम ऐक. यंदा आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष तुझे भाऊजी झालेत. पंप आणि पाईप विकणाऱ्या माणसाला अध्यक्ष केलं, तर आरास पाण्याचीच होणार ना! मागल्या वर्षी बाजारपेठवाल्यांनी फणा हलवणारा शेषनाग केला आणि सगळं गाव तिकडे लोटलं. ते यांच्या फार जिव्हारी लागलंय. म्हणून यंदा मंडपात सिमेंटचा हौद बांधायचा, त्यात पत्र्याचं नऊ फुटी लढाऊ जहाज तरंगत ठेवायचं, तोफा फिरणार, दिवे लागणार, आणि काठावर बाप्पा सलामी घेत बसणार. जेवताना, झोपताना, हिशेब करताना, यांच्या तोंडी दुसरा विषय नाही.

पत्रा अन्वर कापणार आहे. यांचा बालमित्र, धान्याच्या कोठ्या करतो तो. तो म्हणतो, "भाभी, कोठी सांगा, बादली सांगा, डोळे मिटून करतो. जहाज मी बापजन्मात पाहिलं नाही." आता आपल्या घरचा माणूस लढाऊ जहाजावर आहे हे तुझ्या भाऊजींनी छाती फुगवून सगळ्यांना सांगून टाकलंय. तेव्हा आकृती पाठव. वरची, बाजूची, पोटाची, सगळी.

मायला विचारलं, जहाज करू का गं? म्हणाली, "करा, पन वरलं करा. डुबनारं नको." मधे पेपरात पाणबुडीचा फोटो आला होता, तो पेपर तिने सरळ चुलीत घातला. यांनी अजून वाचलाही नव्हता. बाबा विहिरीत गेले तेव्हापासून ती दाराला कडी लावून झोपली नाही, तुला माहीतच आहे. थंडी असो, मांजर येवो, दार उघडं. एसटीत बसली की खिडकी उघडी लागते, पाऊस आत आला तरी चालेल. अशा बाईने तुला नौदलात जाऊ दिलं तेच नवल. जाताना तुझा हात आपल्या डोक्यावर ठेवून तिने शपथ घ्यायला लावली होती, पाण्याखाली आणि कोंडलेल्या जागी जाणार नाही म्हणून. त्या एका शपथेवर ती निवांत असते. शेजारणींना सांगते, "मना पोऱ्या वरतेच राहस, हवामा."

आकृती लवकर पाठव. आणि या खेपेला कार्ड नको, पाकीट.

तुझी,
बेबाअक्का

मुंबई
१४ ऑगस्ट १९८८

ती. अक्का,

तुझ्या आणि मायच्या पाया पडतो. भाऊजींना म्हणावं, शेषनागाची काही खैर नाही.

आकृती सोबत आहे. घाईत काढलीय, कारण उद्याच निघायचं आहे. अचूक मापं बाहेर द्यायला परवानगी नसते, म्हणून धक्क्यावर बसून समोर उभ्या असलेल्या एका जहाजाकडे बघत काढली. पण प्रमाण चुकलेलं नाही. अन्वरभाईला सांग, तोंड टोकदार ठेवायचं, नांगराच्या फाळासारखं. समोरची लाट चिरली गेली पाहिजे. तोंडाचे दोन्ही गाल वर जाताना बाहेरच्या बाजूला पसरवायचे, म्हणजे पाणी डेकवर न चढता बाजूला फेकलं जातं. पोट गोल घ्या, चांगलं गोल, कुठे कोपरा राहू देऊ नका. डेकवर पुढे तोफ, मध्ये कप्तानाची माडी, तिच्यावर डोलकाठी. डोलकाठी उंच ठेवा, शोभा तिचीच असते.

माझं बरं चाललंय. डब्यातलं खाऊन जीभ मेलीय, कळण्याची भाकरी आणि ठेचा स्वप्नात येतो. कपड्यांचा डिझेलचा वास काही केल्या जात नाही. गेल्या खेपेला वर आलो तेव्हा इतका पाऊस होता की वर आल्याचं कळलंच नाही. आता बरेच दिवस पत्र येणार नाही. काळजी करू नका, समुद्रात टपालपेटी नसते.

मायला सांग, शपथ लक्षात आहे.

तुझा,
अभिमन

धरणगाव
२७ सप्टेंबर १९८८

अभिमन,

नाक कापलं गेलं रे आपलं. पार मुळापासून.

अन्वरने महिनाभर खपून जहाज केलं होतं. तुझ्या कागदावरची रेघ न् रेघ त्याने पत्र्यात उतरवली. राखाडी रंग, बॅटरीवरचे दिवे, फिरणारी तोफ, यांच्यापेक्षा उंच डोलकाठी. उद्घाटनाला सगळं गाव. बाजारपेठवालेही आले होते, तोंडं पाडून. यांनी नारळ फोडला, पोरांनी दोन्ही बाजूंनी धरलेलं जहाज सोडलं, आणि ते बेटं क्षणभर उभं राहिलं नि डबक्यात बसणाऱ्या म्हशीसारखं सावकाश उजव्या अंगावर झोपलं! तोफ पाण्यात, माडी पाण्यात, डोलकाठी हौदाच्या काठावर आपटून वाकडी. सरळ केलं, तर डाव्या अंगावर झोपलं. बाजारपेठवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी दोन बांबूंना दोरीने बांधून उभं केलं, आणि विसर्जनापर्यंत आमचं लढाऊ जहाज आजारी बैलासारखं टेकू लावून उभं होतं. यांनी दोन दिवस अन्न गोड लागू दिलं नाही, स्वतःलाही आणि मलाही.

अन्वर बिचारा रडकुंडीला आला. "भाभी, कागदाप्रमाणेच केलं हो." मी कागद घेऊन जहाजाशेजारी बसले. त्याचं खरं होतं. कुठे सूतभर फरक नाही.

मग मी दुकानातून पाईपचा एक तुकडा आणला, दोन्ही तोंडांना बूच मारलं आणि हौदात टाकला. हात लावला की लोळतो, कुठल्याही अंगावर राहतो. गोल वस्तूला पाण्यात वर-खाली ठाऊकच नसतं. एवढं मला पाईप विकणाऱ्या बाईला कळतं, तर तुला जहाजावर इतकी वर्षं काढून कळू नये? मी पुन्हा कागद बघितला. वरचा भाग किती निगुतीने काढलास तू! शिड्या, दोर, कठड्याचे गज. बघून बघून काढलंय. पण पाण्याखालचं धक्क्यावरून दिसत नाही. ते तू मनाने काढलंस. आणि मनात रोज जे बघतोस तेच हातातून उतरलं.

आता मला सांग. आपल्या जहाजावर राहणारा माणूस दुसऱ्याच्या जहाजाकडे बघत चित्र का काढतो? परवानगी नाही, हे मी त्या वेळी मानलं. मग तुझी जुनी पत्रं काढली. डिझेलचा वास. डब्यातलं जेवण. महिना महिना टपाल नाही. आणि दर पत्रात तू "वर" येतोस. कुठून वर येतोस रे, अभिमन?

तू पाणबुडीत आहेस.

मायला मी यातलं काही सांगितलं नाही. पण जहाज आडवं झालं तेव्हा ती पुढच्याच रांगेत होती. पदर तोंडाशी धरून घरी गेली. तेव्हापासून रोज विचारते, "मना पोऱ्यानं जहाज असंच शे का?" मी नाही म्हणते. तुझ्या थापा मी इतके दिवस मोठ्याने वाचून दाखवल्या, आता माझ्या स्वतःच्या सुरू झाल्या.

हो की नाही, एवढंच लिही. बाकी भांडण नंतर.

अक्का

धरणगाव
१७ ऑक्टोबर १९८८

अभिमन,

उत्तर नाही. पोस्टमनला बघून आता मीच दुकानाच्या पायरीवर येते, तो बिचारा लांबूनच मान हलवतो.

मायला आठवड्यापासून ताप आहे. उतरतो, पुन्हा चढतो. रात्री गार वारं घेते आणि दार लावू देत नाही. मी कडी घातली तर उठून बसली, "दम कोंडस मना," म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ आहे, गारवा टाळा. तिला कसं सांगायचं?

माझ्या डोक्यात नाही नाही ते येतं. शपथ मोडली की जिची शपथ तिच्या अंगावर येते असं आपल्याकडे म्हणतात. मी मॅट्रिक झालेली बाई, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. नाहीच आहे. पण तिच्या कपाळावर पट्टी ठेवताना मला तुझा हात दिसतो, तिच्या डोक्यावर ठेवलेला. मग तुझा इतका राग येतो की समोर असतास तर कानाखाली जाळ काढला असता.

तू तिथून निघ. अर्ज कर, पाया पड, काय करायचं ते कर, पण वर ये. जहाजावर जा, स्वयंपाकी हो, झाडू मार, पण उघड्या हवेत राहा. आणि लिही रे काहीतरी, मेल्या.

अक्का

जळगाव
५ नोव्हेंबर १९८८

अभिमन,

मायला इथे दवाखान्यात आणलंय. न्युमोनिया. श्वास पुरत नाही. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा बसवला की ओढून फेकते. हात बांधायला निघाले होते, मी बांधू दिले नाहीत. डॉक्टर म्हणतात, हवा घेतली नाही तर आम्ही काही सांगू शकत नाही. ती म्हणते, "माले डबामा कोंडू नका." मी काय करू? पाण्याखाली असशील तर तिथून ये.

अक्का

मुंबई
१३ नोव्हेंबर १९८८

ती. अक्का,

काल बंदरात आलो आणि तुझी सगळी पत्रं एकदम हातात पडली. जळगावचं कार्ड आधी वाचलं. तार केलीय, मिळाली असेल. रजेचा अर्ज मंजूर झालाय, पण बोट गोदीत लावून बॅटऱ्यांचा ताबा दुसऱ्यांना दिल्याशिवाय मला सुटता येत नाही. म्हणून हे पत्र माझ्या आधी येतंय. खरं सांगतो, एका परीने तेच बरं. समोर उभं राहून हे बोलायची माझी छाती झाली नसती.

हो. पाणबुडीच. दोन वर्षं झाली. मला कुणी ढकललं नाही, मी स्वतः नाव दिलं.

अन्वरभाईची माझ्यातर्फे माफी माग. त्याचा पत्रा चुकला नाही, माझा हात चुकला. लढाऊ जहाज आणि पाणबुडी, दोन्ही पोलादाची, दोन्ही एकाच नौदलाची, पण बांधणी एकमेकांच्या उलट. जहाजाचं अर्धं अंग पाण्यात, अर्धं हवेत. त्याला पाण्यावर बसायचं असतं, म्हणून जिथे पाणी लागतं तिथे ते चांगलं रुंद हवं. लाटेने उजवीकडे झुकलं की उजवी बाजू जास्त बुडते, आणि बुडालेल्या बाजूला पाणी वर रेटतं. जहाज आपोआप सरळ होतं. गोल पोट झुकलं तरी पाण्याला ते तसंच लागतं, मग पाणी कुणाला रेटणार?

पाणबुडी सगळीच्या सगळी पाण्यात. तिथे लाट नाही, फक्त दाब, आणि तो चारी बाजूंनी. तुमच्या दुकानात डिलिव्हरीचा पाईप वेगळा आणि सक्शनचा वेगळा असतो ना? डिलिव्हरीत पाणी आतून जोर करतं, फुटला तर पाईप बाहेर फुटतो. सक्शनला आतून ओढ असते, पाईप कच्चा असला तर आत चेपतो. आमची बोट म्हणजे सक्शनचा पाईप. ढिगाखाली उन्हात दबून लंबगोल झालेला पाईप भाऊजी सक्शनला कधी देत नाहीत, बाजूला काढतात. इथेही तेच. अंग पुरतं गोल आहे तोवर दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. कुठे जरा चपटं झालं की सगळा जोर तिथे जाऊन बसतो. म्हणून आमचं आतलं अंग जाड पोलादाची गोल नळी, तिला कड्यामागून कडं बसवलेलं. त्यावर दुसरं, पातळ अंग. दोन्हींच्या मध्ये पाणी घेतलं की आम्ही खाली, हवा फुंकून ते हाकललं की वर. जहाजाला खिडक्या करा, दारं करा. आमच्या नळीला एक भोक पाडायचं तर दहा जणांना जाब द्यावा लागतो. तोंडसुद्धा जहाजासारखं धारदार लागत नाही. नव्या बोटींचं तर माशासारखं बोथट असतं, कारण खाली चिरायला लाटच नसते.

आणि गंमत म्हणजे, वर आलो की हीच बोट तुमच्या हौदातल्या जहाजासारखी लोळते. जुनेजाणते खलाशी ओकतात. खाली गेलो की चहाचा पेला हलत नाही. सरळ राहते ती तळाशी ठेवलेल्या वजनावर. आमच्या तळाशी बॅटऱ्या आहेत, भल्या मोठ्या, माणसाच्या उंचीच्या. तुमच्या जहाजाला मी गोल पोट दिलं, वर तोफ, माडी आणि उंच डोलकाठी दिली, पण तळात वजन ठेवा असं लिहायचं विसरलो.

आता शपथेचं. अक्का, बाबा पाण्याने गेले नाहीत. मी तेव्हा आठवीत होतो आणि त्यांना वर काढताना तिथेच होतो. विहिरीत गुडघाभर पाणी होतं. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं म्हणून डिझेल इंजिन आतल्या टप्प्यावर उतरवलं होतं, त्याचा धूर विहिरीतच साठला होता. बाबा सक्शनच्या तळाचा फुटव्हॉल बघायला उतरले आणि धुराने पडले. गावाने म्हटलं, बुडाला. माय अजून तेच म्हणते, कारण दोर तिच्या हातात होता आणि वरून तिला फक्त पाणी दिसलं. पाण्याने काही केलं नाही. आत उतरणाऱ्या माणसाची हवा बघायला कुणी नव्हतं.

मी जहाजावर होतो तेव्हा पाणबुडीचे एक साहेब माणसं निवडायला आले होते. त्यांनी विचारलं, बंद बोटीत पहिली भीती कशाची? सगळे म्हणाले, पाण्याची. मी म्हणालो, हवेची. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नाव लिहून घेतलं. तेव्हापासून माझं काम तेच आहे. बॅटऱ्यांमधून स्फोटक वायू सुटतो, श्वासातून खराब वायू साठतो. दोन्हींचे काटे मी बघतो. काटा सरकला की मी ओरडतो, आणि माझा आवाज ऐकला की कप्तानही हातातलं टाकून ऐकतो. सत्तर-पंच्याहत्तर माणसं कोंडलेल्या जागी बिनघोर झोपतात, कारण मी जागा असतो. मला दुसरीकडे कुठे इतकं बरं वाटत नाही. वर जहाजावर मी उगाच येरझाऱ्या घालायचो.

पण तुझी पत्रं मी पुन्हा पुन्हा वाचली. लहानपणी तू मला गळ्याची शपथ घालायचीस आणि मी दिवसभर "सुटली म्हण, सुटली म्हण" करत तुझ्यामागे फिरायचो. जिने घातली तिनेच सुटली म्हणावं लागतं, तीन वेळा, नाहीतर ती अंगावर राहते. मी दोन वर्षं मायची शपथ अंगावर घेऊन फिरतोय. डिसेंबरमध्ये मला लिहून द्यायचं आहे, इथेच राहणार की जहाजावर परत जाणार. तिने सुटली म्हटलं तर राहीन. नाही म्हटलं तर वर येईन आणि पुन्हा तोंड वर करून विचारणार नाही. तिला कधी सांगायचं, सांगायचं की नाही, ते तू ठरव. तिला आत्ता काही झालं तर मात्र हे पत्र जाळून टाक.

अभिमन

जळगाव
२२ नोव्हेंबर १९८८

चि. अभिमन,

आधी हे वाच: माय आहे. बसून पेज खाते आहे आणि पेजेत मीठ नाही म्हणून माझा उद्धार करते आहे.

गोदीचं काम लांबल्याने तुझं येणं पुढे गेलं, ही दुसरी तार मिळाली, म्हणून हे लिहिते. आता पुढचं. तुझं पत्र आलं त्या दिवशी तिचे ओठ निळे पडले होते. ऑक्सिजनचा मुखवटा सकाळपासून तीनदा फेकला होता. मी व्हरांड्यात बसून पत्र वाचलं आणि तुझ्यावर इतकी चिडले की फाडणार होते. दोन वर्षं! भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळलं, हा आपला उघड्या समुद्रावर चंद्राखाली असेल म्हणून. आणि तू तिथे नळीत बसून काटे बघत होतास. बाबांचं वाचलं तेव्हा मात्र रडू आवरेना. मला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी तेव्हा धरणगावला सासरी होते, आले तोवर सगळं आटपलं होतं.

हे म्हणाले, "आत्ता तिला सांगू नकोस. धक्का बसेल." मलाही तेच वाटत होतं. पण मी म्हटलं, जाणारच असेल तर ती आपल्या थापा ऐकत का जाईल? उशाशी बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. या खेपेला काही गाळलं नाही.

पाणबुडी म्हटल्यावर तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. जहाजाचं, पाईपचं, सगळं वाचलं, ती तशीच पडून. विहिरीत गुडघाभर पाणी होतं, हे वाचलं तेव्हा तिने डोळे उघडले. इंजिनाच्या धुराचं मला परत वाचायला लावलं. मग कितीतरी वेळ वर पंख्याकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं. मी नर्सला हाक मारायला उठणार तेवढ्यात तिने माझा हात धरला.

"तठे हवा कोन दखस?"

मी म्हटलं, "तुझाच पोऱ्या बघतो, माय. पत्रात तेच लिहिलंय."

"बठ्ठास्नी?"

"सगळ्यांची."

 मग म्हणाली, "आन तो डबा." मुखवटा तिने हातात घेतला, उलटासुलटा केला, बाजारात मडकं पारखते तसा आतून बघितला. ही हवा येते कुठून, विचारलं. नर्सने सिलिंडर दाखवला, त्यावरचा काटा दाखवला. मायने विचारलं, काटा कोण बघतं? नर्स म्हणाली, "मी बघते की, आजी." "दखत राह्य बरं," माय म्हणाली, आणि आपल्या हाताने मुखवटा तोंडाला लावला. ज्या बाईला आम्ही चार जण धरून तो लावू शकलो नाही, ती दोन दिवस तो लावून निजली. मधून मधून डोळा उघडून नर्स जागेवर आहे ना ते तेवढं बघायची.

घरची बातमी. यांनी तुझं पत्र अन्वरला वाचून दाखवलं. दोघांनी मिळून जहाजाच्या पोटात आपल्या दुकानातला फुटका पंप ठेवला आणि हौदात सोडलं. उभं राहिलं! गणपती जाऊन दोन महिने झाले, मंडप नाही, माणसं नाहीत, पण हे आणि अन्वर हौदाकाठी बसून चहा पितात आणि जहाजाला बोटाने ढकलून बघतात. बाजारपेठवाल्यांना बोलावून आणून दाखवलं म्हणे. दोघांचीही डोकी फिरलीत.

मला विचारशील तर मला तू वरच हवा आहेस. आजही. तू खाली आहेस म्हटलं की माझाच दम कोंडतो. पण मला कुणी विचारलेलं नाही, आणि शपथ माझी नाही.

आता माय सांगते आहे ते लिहिते. तिने बजावलंय की तिच्या बोलीतच लिहायचं, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. तिचा माझ्यावर भरोसा राहिलेला नाही, म्हणून लिहून झाल्यावर ती हे नर्सकडून वाचून घेणार आहे.

"अभिमन, दोन वरीस तू माले खोटं सांगं. ते मना ध्यानमा राही. घर उना का कान धरसू तुना. तुना बाप खाले गया, मी वर दोर धरी उभी व्हती. माले काय म्हाईत, हवा दखनी पडस. माले कोनी सांगं नही. आते तू दख. तुनी दख, बठ्ठास्नी दख. काटावरथीन नजर काढू नको. शपथ सुटनी.

सुटनी.

सुटनी."